खिडकीतला कावळा, जिन्याखालचा कुत्रा : प्राण्यांच्या बुद्धीविषयी वाचकांचे प्रश्न

प्राणी विचार करतात का, त्यांना अक्कल असते का, यावर प्रश्न पाठवा असं आवाहन आम्ही वाचकांना केलं होतं. मुंबई आणि उपनगरांतून बरीच पत्रं आली. बहुतेकांनी स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट लिहून ‘याला बुद्धी म्हणायचं का?’ असं विचारलं आहे. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्यांनी मे महिन्यात कावळ्याचं घरटं काढून टाकलं. तेव्हापासून ते गॅलरीत आले की कावळे डोक्यावर झडप घालतात. बाकी कुणाच्या वाटेला जात नाहीत. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो का? (माहीम)

ठेवतो, आणि वर्षानुवर्षं ठेवतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी 2006 साली याची पद्धतशीर परीक्षा सुरू केली. आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून त्यांनी विद्यापीठाच्या आवारातले काही कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. पुढे तोच मुखवटा उंच-बुटक्या, बायका-पुरुष अशा निरनिराळ्या लोकांनी घालून आवारात फेऱ्या मारल्या. चालण्याची ढब वेगळी, कपडे वेगळे, तरी कावळे कलकलाट करत मागे लागले. दुसरा मुखवटा घालून तीच माणसं आली, तर फारसं काही झालं नाही. कित्येक वर्षांनंतरही हा राग टिकला. इतकंच नव्हे, तर जे कावळे कधी पकडलेच गेले नव्हते तेही इतरांचं पाहून त्या मुखवट्यावर ओरडू लागले.

तो अमेरिकन कावळा. आपला मानेभोवती राखाडी असलेला गावकावळा ही वेगळी जात आहे. तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत ‘डूख धरला’ असं म्हणण्याआधी एक साधं कारण तपासा. पहिलं घरटं मोडल्यावर कावळे बहुधा जवळच दुसरं बांधतात. ते नेमकं शेजाऱ्यांच्या गॅलरीसमोरच्या फांदीवर असेल, तर तिथे येणाऱ्या कुणावरही ते झडप घालतील. म्हणून आधी त्याच गॅलरीत, त्याच वेळी, दुसऱ्या कुणालातरी पाच मिनिटं उभं करा. मग शेजाऱ्यांचा रोजचा शर्ट दुसऱ्याला घालायला देऊन पाहा. शेवटी शेजाऱ्यांनी वेगळे कपडे घालून, पण चेहरा उघडा ठेवून यावं. तिन्ही वेळा काय झालं ते लिहून ठेवलं, की कावळा जागा ओळखतो, शर्ट ओळखतो की माणूस, हे कळेल. तोवर शेजाऱ्यांनी छत्री वापरावी. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर तीन-चार आठवड्यांत घरटं सोडतात, आणि त्यानंतर हल्ले बरेच कमी होतात.

प्रश्न : तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मी दरवर्षी मुलांना शिकवते. यंदा एका मुलीने विचारलं, ‘बाई, हे खरं आहे का?’ काय सांगू? (गिरगाव)

प्रश्न फार चांगला आहे. तिला सांगा, की 2009 साली केंब्रिजमध्ये ही गोष्ट चार पक्ष्यांवर तपासली गेली. ते होते रूक, म्हणजे कावळ्याच्या कुळातले युरोपी पक्षी. उभ्या पारदर्शक नळीत थोडं पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, आणि शेजारी दगड. चोच पोहोचत नव्हती. रूकनी एकेक दगड आत टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मोठे आणि लहान दगड ठेवले, तर ते मोठे उचलायला लागले. नळीत पाण्याऐवजी भुसा भरला, तर दगड टाकून फायदा नाही हेही त्यांच्या लवकरच लक्षात आलं.

पुढे 2014 साली न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या कावळ्यांवर असेच सहा प्रयोग झाले. बुडणारी वस्तू घ्यायची की तरंगणारी, भरीव की पोकळ, कुठल्या नळीतलं पाणी जास्त वर आहे, हे त्यांना बरोबर कळलं. पण रुंद आणि अरुंद नळीतला फरक त्यांना कळला नाही. दोन नळ्या खालून गुपचूप जोडलेल्या होत्या, तिथेही ते फसले. पाच ते सात वर्षांच्या मुलांइतपत समज त्यांनी दाखवली, असं संशोधकांनी म्हटलं. एक गोष्ट मात्र वर्गात आवर्जून सांगा : या कावळ्यांना ‘नळीत दगड टाकायचा’ ही क्रिया आधी शिकवली होती. पाणी कशाने वर येतं, याची निवड त्यांची स्वतःची होती.

हा प्रयोग वर्गातही होतो, आणि बहुतेक ठिकाणी तो फसतो, कारण पाणी कमी घेतलं जातं. दगड किंवा गोट्या कितीही दाबून भरल्या तरी त्यांच्यामध्ये साधारण 40 ते 45 टक्के जागा रिकामी राहते. पाणी त्या फटीच भरण्याइतकं नसेल, तर गोट्या काठापर्यंत येतात आणि पाणी खालीच राहतं. 200 मिलिलिटरचा सरळ पेला घ्या. त्यात 60 मिलिलिटर पाणी घातलं तर कावळा तहानलेलाच राहील. 120 मिलिलिटर घातलं, तर 16 मिलिमीटर व्यासाच्या सदतीस-अडतीस गोट्यांत पाणी काठाला लागतं, कारण अशी एक गोटी दोन मिलिलिटरपेक्षा थोडं जास्त पाणी सारते. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा आणि मगच गोट्या टाका.

प्रश्न : एवढा हुशार कावळा कोकिळेचं पिल्लू स्वतःचं समजून वाढवतो. मग ही कसली हुशारी? (मुलुंड)

एका बाबतीत तल्लख असलेला प्राणी दुसऱ्या बाबतीत अगदीच भोळा असू शकतो. बुद्धी ही एकच एक वस्तू नसते, ज्याला त्याला लागेल तेवढी आणि लागेल तिथे ती वाढते.

मुंबईत एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत कावळ्यांची वीण चालते, आणि त्याच दिवसांत कोकीळ पहाटेपासून ओरडून झोप उडवतो. ठिपकेवाली मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तिचं अंडं थोडं लहान असलं तरी रंगाने कावळ्याच्या अंड्याशी मिळतंजुळतं असतं, आणि कावळ्याच्या अंड्याच्या दोन-तीन दिवस आधी फुटतं. युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू पाठीने ढकलून यजमानाची अंडी बाहेर फेकतं. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तसं करत नाही, ते कावळ्याच्या पिल्लांबरोबर वाढतं. अभ्यासकांचं म्हणणं असं, की कावळ्याचं नुकसान होतं पण सर्वस्व जात नाही. उलट, संशयावरून अंडं फेकताना चुकून स्वतःचंच फेकलं गेलं तर तोटा मोठा. अशा हिशोबात अंडी पारखण्याची नजर तयार होण्याचं कारणच कमी पडतं. हा हिशोब कावळा मनात मांडत नाही, तो हजारो पिढ्यांत आपोआप मांडला गेला आहे.

प्रश्न : आमच्या जिन्याखालचा मोत्या बोट दाखवलं की बरोबर तिकडे जातो. मुलगा म्हणतो त्याला समजतं, मी म्हणतो त्याला वास येतो. भांडण मिटवा. (डोंबिवली)

भांडण तुम्हीच मिटवू शकता, एका संध्याकाळचं काम आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवायचं, हा प्रयोग कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने केला आणि तो 2020 साली प्रसिद्ध झाला. न शिकवलेली, न पाळलेली कुत्री. बरीचशी भांड्यांजवळ आलीच नाहीत, माणसांना बिचकणारी होती. जी आली त्यांतल्या सुमारे 80 टक्के कुत्र्यांनी बोटाच्या दिशेचंच भांडं निवडलं. तेव्हा मुलाचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यता चांगली आहे. पण मोत्याच्या बाबतीत ते सिद्ध व्हायला हवं.

दोन एकसारख्या अपारदर्शक वाट्या आणि त्यांवर झाकायला पुठ्ठे घ्या. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे करा. दोन्ही वाट्या आतून चिकनने चोळा, म्हणजे वास दोन्हीकडे येईल. तुकडा एकीतच ठेवा. वाट्यांमध्ये दीड मीटर अंतर ठेवा, तुम्ही मधोमध उभे राहा, आणि मोत्या समोर दोन-अडीच मीटरवर. तुकडा कुठे ठेवायचा हे दरवेळी नाणं उडवून ठरवा. मनाने ठरवलं तर आपण नकळत डावी-उजवी-डावी-उजवी करतो आणि कुत्रा तो क्रम पकडतो. हाताने दाखवताना मान सरळ ठेवा, वाटीकडे पाहू नका, पाऊल टाकू नका. ज्या वाटीला नाक आधी लागेल ती निवड धरा. बारा वेळा करा. त्यानंतर बोट न दाखवता आणखी बारा वेळा करा. हा दुसरा भाग लोक गाळतात, आणि वासाचा निकाल तर त्यातच लागतो.

पहिल्या बारांत दहा किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता शंभरात दोन इतकीच. नऊ आलं तर शंभरात सात, म्हणजे पुन्हा करायला हवं. बोट न दाखवताही दहा आलं, तर तुम्ही जिंकलात : त्याला वास येतोय. तो दरवेळी एकाच बाजूला जात असेल, तर निकाल काहीच नाही. त्याला भूक नसेल किंवा ती बाजू त्याच्या सवयीची असेल. आठवडाभराने जागा बदलून पाहा. मोत्याला रेबीजची लस दिलेली असेल आणि तो तुमच्या हातून खाणारा असेल, तरच हे करा. अनोळखी कुत्र्यावर नको.

मान सरळ ठेवा असं सांगितलं, त्यामागे एक जुनं प्रकरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून देत असे. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन प्रामाणिक होता, फसवणूक करत नव्हता. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं, की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. घोड्याला गणित येत नव्हतं. पण माणसाच्या अंगातली ती बारीक हालचाल हजारो प्रेक्षकांना दिसली नाही, ती त्याला दिसली, आणि हे कौशल्य काही कमी नाही. घरातला कुणीही प्राणी ‘सगळं समजतं त्याला’ या गटात घालण्याआधी हान्स आठवावा.

प्रश्न : उंदीर एकदा फसला की पुन्हा औषधाला तोंड लावत नाही. ते एकमेकांना सांगतात का? (भायखळा)

सांगत नाहीत, पण जे करतात ते त्याहून कठीण आहे. उंदराला ओकता येत नाही. त्यामुळे नवी वस्तू दिसली की तो आधी टाळतो, मग अगदी थोडी चाखतो आणि वाट पाहतो. पोटात बिघडलं तर ती चव त्याच्यासाठी कायमची वर्ज्य. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी 1950-60च्या दशकांत दाखवलं, की चव आणि मळमळ यांच्यामध्ये काही तासांचं अंतर असलं तरी उंदीर दोन्हींचा संबंध जोडतो. मळमळीचा संबंध आवाजाशी किंवा प्रकाशाशी मात्र तो जोडत नाही. शिकणंही सगळीकडे सारखं नसतं, ते असं.

सोबत्यांकडून तो शिकतो, पण वेगळंच. दुसऱ्या उंदराच्या श्वासाला ज्या खाण्याचा वास येतो, ते खाणं तो पुढे निःशंकपणे खातो. बेनेट गेलेफ यांच्या प्रयोगांत तर तो दुसरा उंदीर आजारी असला तरी त्याने खाल्लेलंच पहिल्याला आवडू लागलं. म्हणजे ‘हे खाऊ नका’ असा निरोप जात नाही, ‘हे खाण्यासारखं आहे’ एवढाच जातो. तुमच्या इथे जे उंदीर औषध टाळतात, ते स्वतः थोडं चाखून वाचलेले असतात.

म्हणूनच झिंक फॉस्फाइडसारखं चटकन लागू होणारं औषध एकदा अर्धवट खाल्लं गेलं, की तिथे ते वाया जातं. ब्रोमॅडिओलोनच्या 0.005 टक्क्यांच्या वड्या काही दिवसांनी परिणाम करतात, त्यामुळे उंदराला संबंध जोडता येत नाही. पण तो उंदीर मांजराने, घुबडाने किंवा घारीने खाल्ला तर विष त्यांच्यातही जातं. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात आम्ही पिंजराच सुचवू.

पिंजरा लावतानाही त्याचा हाच संशयी स्वभाव धरून चाला. पिंजरा भिंतीला चिकटवून ठेवा, कारण उंदीर मिशा भिंतीला लावत पळतो आणि मोकळ्या जागेत फिरकत नाही. पहिल्या तीन-चार रात्री दार उघडं बांधून ठेवा, आत भजी, सुकट किंवा शेंगदाण्याची चिक्की. रोज खाल्लं जातंय असं दिसलं की पाचव्या रात्री सापळा चढवा. पहिल्याच रात्री चढवला, तर आजूबाजूला चार उंदीर असूनही पिंजरा रिकामा राहतो. चिकट पुठ्ठे वापरू नका, त्यात प्राणी तासन्‌तास तडफडतो. आणि वाटा बुजवल्याशिवाय काहीच उपयोग नाही : घरातल्या छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला बारा मिलिमीटरची. मोरीच्या पाइपाभोवती लोखंडी जाळी कोंबून वरून सिमेंट लावा. पावसाळ्यात पिंजरा धुताना हातमोजे घाला, लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या लघवीतून पसरतो.

प्रश्न : कुंभारीण माशी दाराच्या चौकटीवर किती सुबक मातीचं घर बांधते! तिला आराखडा सुचतो का? (विलेपार्ले)

सुचत नाही, आणि हे एकोणिसाव्या शतकातल्या एका निरीक्षणातून स्पष्ट होतं. फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी कुंभारणीचं अर्धवट झालेलं घरटं भिंतीवरून अलगद काढून घेतलं. ती चिखलाची गोळी घेऊन परतली आणि घरटं नसलेल्या भिंतीवरच शेवटचा गिलावा करत बसली. पिल्लासाठी आणून ठेवलेले कोळी काढून घेतले, तरी तिने रिकामी कोठडी व्यवस्थित बंद केली. एका कामानंतर दुसरं काम, मधलं कारण नाहीसं झालं तरी.

पण यावरून सगळे किडे यंत्रासारखे असतात असं समजू नका. फाब्र यांनाच एका वस्तीतल्या खणमाश्या (जमिनीत बीळ खणणाऱ्या) आणलेलं भक्ष्य बाजूला सरकवण्याच्या हुलकावणीला दरवेळी बळी पडताना दिसल्या, तर दुसऱ्या वस्तीतल्या लवकरच सावध झाल्या. अमेरिकेतली एक गांधीलमाशी आपल्या वस्तीतल्या माश्यांचे चेहरे ओळखते, हे 2002 साली दिसलं. 2017 साली लंडनमध्ये भुंग्यांनी छोटा चेंडू ठरावीक जागी नेऊन साखरपाणी मिळवलं, आणि इतर भुंगे ते पाहून शिकले. काहींनी तर जवळचा चेंडू वापरून कमी श्रमात काम केलं, जे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

प्रश्न : मांजराला स्वतःचं नाव कळतं का? (बोरिवली)

कळतं. जपानी संशोधकांनी 2019 साली ते दाखवलं. घरी करायचं तर नावाएवढ्याच लांबीचे चार शब्द एकाच सुरात, थोड्या थोड्या अंतराने म्हणा. मांजराचं लक्ष उडालं की त्याच सुरात नाव घ्या आणि कान वळतो का ते पाहा. ते उठून आलं नाही म्हणजे कळलं नाही, असं नाही.

प्रश्न : आजीचा पोपट पाहुणे आले की ‘या, बसा’ म्हणतो. अर्थ कळत असेल का? (लालबाग)

दार वाजणं आणि ते शब्द यांची सांगड त्याने घातली असणार. त्यापुढे किती कळतं, हे शिकवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्याकडे 1977 ते 2007 अशी तीस वर्षं अॅलेक्स नावाचा आफ्रिकन करडा पोपट होता. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांना वस्तू दाखवून नाव विचारत, बरोबर सांगणाऱ्याला ती वस्तू मिळे, आणि पोपट त्यात भाग घेई. तो सुमारे पन्नास वस्तू, सात रंग आणि सहापर्यंतच्या संख्या सांगायचा. ताटलीतल्या दोन वस्तूंत वेगळं काय, असं विचारलं तर ‘रंग’ किंवा ‘आकार’ असं उत्तर द्यायचा.

मात्र आपला हिरवा पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. घाईने उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, कावळे आणि घारी त्याला लगेच गाठतात. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : कान्हेरीला माकडाने हात पुढे करून माझ्या मुलीकडे केळं मागितलं. शिकवलेलं माकड असेल का? (कांदिवली)

शिकवलेलं असण्याची गरज नाही. कर्नाटकातल्या बंदीपूर इथे जंगली टोपी माकडांवर अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो 2018 साली छापून आला. माकडं माणसाकडे पाहत, विशिष्ट आवाज काढत, हात पुढे करून थांबत. खाणं मिळालं की हात मागे घेत. समोरचा आपल्याकडे पाहतोय याची खात्री करून मागणं, उत्तराची वाट पाहणं, मिळाल्यावर थांबणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ते हेतुपुरस्सर मागणं आहे असं मानायला चांगला आधार मिळतो.

तरीही देऊ नका, कारण हे शिकणं तिथे थांबत नाही. मागून न मिळाल्यास माकड हिसकावायला शिकतं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ म्हणजे खाणं हेही. खाणं चेन असलेल्या सॅकमध्ये ठेवा, पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि दात दाखवून हसू नका, त्याला ती धमकी वाटते. पिशवी धरलीच तर ओढाताण न करता सोडून द्या. ओरबाडलं किंवा चावलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा, रेबीजची लस घ्यावी लागते.